सॅम हार्डी: उडी न मारणारा गोलकीपर एवढा मोठा का मानला जातो?

कोपऱ्यातला_झेंडा
जुन्या इंग्लिश फुटबॉलमधल्या गोलकीपरांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं बिली फोकचं, ते वजनामुळे. मग ली रिचमंड रूझचं, ते उचापतींमुळे. सॅम हार्डी येतो पाचव्या-सहाव्या प्रतिसादात, आणि तोही "हो, तोही बरा होता" एवढ्यापुरता. मला हे पटत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म २६ ऑगस्ट १८८२, डर्बीशायरमध्ये चेस्टरफील्डजवळ न्यूबोल्ड इथे. १९०३ पासून चेस्टरफील्ड, १९०५ ला लिव्हरपूल, १९१२ ला अ‍ॅस्टन व्हिला, १९२१ ला नॉटिंगहॅम फॉरेस्ट, १९२५ ला निवृत्ती. लिव्हरपूलकडून १९०५-०६ चं लीग विजेतेपद, व्हिलाकडून १९१३ आणि १९२० चा एफए कप, फॉरेस्टकडून १९२१-२२ चं सेकंड डिव्हिजनचं (लीगच्या दुसऱ्या श्रेणीचं) विजेतेपद. इंग्लंडकडून १९०७ ते १९२० या काळात २१ सामने.

माझं म्हणणं असं: या वीस-बावीस वर्षांत गोलकीपरचे नियम इतक्या वेळा बदलले की ज्यांचा खेळ एखाद्या सवलतीवर उभा होता त्यांचं दुकान बंद झालं. हार्डीला पद्धत बदलावीच लागली नाही, कारण त्याचा खेळ उडीवर नव्हे, जागा धरण्यावर होता. सहमत? आणि 'जागा धरणे' म्हणजे नेमकं काय, हे कोणी आकड्यांत मांडू शकेल का?

चिवडा_मिक्स
जागा धरून ठेवणारे आमच्या लोकलमध्येही आहेत, त्यांना कोणी इंग्लंडच्या संघात घेत नाही. 😀

निळी_मफलर
छान विषय. लिव्हरपूलने त्याला कसं हेरलं तेही लिहा. १९०४-०५ मध्ये लिव्हरपूल सेकंड डिव्हिजनमध्ये होतं आणि त्यांनी चेस्टरफील्डला ६-१ असं धुतलं. मॅनेजर टॉम वॉटसनने सामना संपल्यावर काय ठरवलं, तर सहा गोल खाल्लेला तो पोरगाच आपल्याला हवा! मोसम संपल्यावर करार.

चिवडा_मिक्स
सहा गोल खाऊन नोकरी. बढतीसाठी किती खावे लागतात?

निळी_मफलर
@चिवडा_मिक्स, विनोद बाजूला ठेवा, त्यातच मुद्दा आहे. वॉटसन म्हणजे सुंदरलँडला तीनदा लीग जिंकून देऊन आलेला माणूस. सहा आत गेले त्यापेक्षा आणखी किती जायला हवे होते, हे त्याने मोजलं. शिवाय गरजही होती. त्यांचा कीपर नेड डॉइग मोठाच, पण पस्तिशी ओलांडलेला. १९०५-०६ ची सुरुवात वाईट झाली, गोल धडाधड बसायला लागले. २१ ऑक्टोबर १९०५ ला फॉरेस्टविरुद्ध हार्डी उभा राहिला, लिव्हरपूल ४-१ ने जिंकलं आणि जागा कायमची त्याची झाली. मोसमाअखेर ५१ गुण, प्रेस्टन ४७ वर. आदल्या वर्षी सेकंड डिव्हिजन आणि लगेच पुढच्या वर्षी फर्स्ट डिव्हिजन, असं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं.

खडूस_रेफरी
त्याच्यापुढे अ‍ॅलेक्स रेझबेक होता हे विसरू नका. असा सेंटर-हाफ (मधल्या फळीचा मधोमध खेळणारा) पुढे असला की बऱ्याच कीपरांची जागा आपोआप 'बरोबर' असते. आणि २१ सामन्यांचं एवढं कौतुक काय? तेरा वर्षांत एकवीस.

कोपऱ्यातला_झेंडा
@खडूस_रेफरी, तेव्हा इंग्लंड वर्षाला मुळात खेळायचं किती? स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड असे तीन सामने, क्वचित एखादा युरोप दौरा. त्यात १९१४ ते १९१९ अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल बंद. पहिला सामना फेब्रुवारी १९०७ मध्ये गुडिसन पार्कवर आयर्लंडविरुद्ध, शेवटचा एप्रिल १९२० मध्ये हिल्सबरोवर स्कॉटलंडविरुद्ध. मधे अख्खं महायुद्ध, आणि सदतिसाव्या वर्षी परत तोच गोलमध्ये. एवढे सामने खेळणारा इंग्लिश कीपर त्यानंतर थेट तीसच्या दशकात सापडतो, बर्मिंगहॅमचा हॅरी हिब्ज, २५.

खडूस_रेफरी
शेवटच्या त्या सामन्यात स्कॉटलंडने चार मारले हेही सांगा की.

कोपऱ्यातला_झेंडा
सांगतो. इंग्लंडने पाच मारले.

अठरा_यार्ड
नियमांचा मुद्दा आलाच आहे तर क्रमाने लिहितो, कारण यावर फार सांगोवांगी चालतं.

१९०२: आजचा पेनल्टी एरिया आला. त्याआधी गोलपोस्टभोवती सहा यार्डांच्या कमानी आणि बारा यार्डांवर एक आडवी रेषा असायची.

१९०५: पेनल्टीच्या वेळी कीपरने गोलरेषेवरच थांबायचं. त्याआधी सहा यार्ड पुढे येता यायचं, आणि ही सवलत किती मोठी होती ते बघा. चेंडू बारा यार्डांवर, कीपर सहावर, म्हणजे बरोबर अर्ध्या अंतरावर. गोल आठ यार्ड रुंद. अर्ध्या अंतरावर त्याचा पंखा, म्हणजे राखायची रुंदी, चारच यार्डांची उरते. फोकसारखा अवाढव्य माणूस तिथे उभा राहिला की मारणाऱ्याला दोन्ही बाजूंना जेमतेम फट दिसणार. रेषेवर ढकलल्यावर त्याच देहाला आठ यार्ड राखायचे.

१९०९: कीपरची जर्सी वेगळ्या रंगाची. भडक लाल, निळा किंवा पांढरा. हिरवा १९१२ ला आला. त्याआधी संघाचीच जर्सी, डोक्यावर फार तर टोपी. तेव्हा कीपरला स्वतःच्या संपूर्ण अर्ध्या मैदानात चेंडू हाताळता यायचा. गर्दीतून हात कोणाचा आला हे रेफरीने कसं ओळखायचं?

१९१२: हाताळणी फक्त पेनल्टी एरियात.

लेफ्टआउट
१९१२ चा नियम रूझमुळे झाला ना? तो चेंडू टप्पे टाकत सेंटर लाइनपर्यंत न्यायचा.

अठरा_यार्ड
न्यायचा, खरं आहे. हातात धरून दोनपेक्षा जास्त पावलं टाकली की फ्री किक, पण जमिनीवर टप्पा मारत गेलं तर पावलं मोजली जात नव्हती. त्या फटीतून तो जायचा. पण नियम एकट्या त्याच्या नावावर लावणं म्हणजे गोष्ट सोयीची करणं झालं. १९१० मध्ये स्कॉटलंडमध्ये थर्ड लॅनार्क आणि मदरवेलच्या सामन्यात दोन्हीकडच्या कीपरांनी गोल केले! असले प्रकार वाढले होते. रूझ वेल्सचा, पुढे १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत मारला गेला. धागा इंग्लिश कीपरचा असल्याने इथेच थांबतो.

मावळतीचा_वारा
धाग्याशी थोडं अवांतर: १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा कीपरला अर्धं मैदान मोकळं होतं, म्हणजे नियम बदलायच्या वर्षभर आधी. आपल्याकडे तो सामना अनवाणी पायांसाठी आठवतात, कीपर हिरालाल मुखर्जींचं नाव फार थोड्यांना ठाऊक असतं.

टेकडीवरून
+१. कूपरेज आणि रोव्हर्स कपावरही कोणीतरी वेगळा धागा काढा. १८९१ ला सुरू झालेली स्पर्धा होती ती.

ओली_लेस
धागाकर्त्याने जागा धरण्याचे आकडे मागितलेत, तर घ्या. सोयीसाठी मीटरमध्ये. गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ उंच.

मारणारा बरोबर समोर ११ मीटरवर आहे. कीपर रेषेवर असेल तर त्याला ७.३२ मीटर राखायचे. तीन मीटर पुढे आला तर ५.३२. पाच मीटर पुढे आला तर चार. चार मीटर म्हणजे मधोमध उभ्या माणसाला प्रत्येक बाजूला दोन मीटर: एक पाऊल आणि हात. इथे उडी लागतच नाही. हार्डीविरुद्ध खेळलेला सुंदरलँडचा चार्ली बुकन त्याला आपण पाहिलेला सर्वोत्तम कीपर मानायचा, आणि चेंडू जणू लोहचुंबकाने ओढल्यासारखा त्याच्याकडे जातो अशा अर्थाचं लिहून गेलाय. त्यात चमत्कार नाही, हे असं त्रिकोणाचं गणित आहे.

आता तिरपा फटका, जिथे बहुतेक जण फसतात. कीपर गोलच्या मध्यबिंदूकडून चेंडूकडे सरळ रेषा धरतो. चूक. धरायचा असतो चेंडूपासून दोन्ही पोस्टकडे जाणाऱ्या रेषांमधल्या कोनाचा दुभाजक. समजा चेंडू जवळच्या पोस्टपासून १० मीटरवर आणि लांबच्यापासून १४ मीटरवर आहे. दुभाजक गोलरेषेला १०:१४ या प्रमाणात छेदतो, म्हणजे जवळच्या पोस्टपासून ३.०५ मीटरवर. मध्य आहे ३.६६ वर. फरक साठ सेंटिमीटर, म्हणजे एका पावलाचा! मध्य धरून उभ्या राहिलेल्याला जवळच्या पोस्टजवळ गोल बसतो आणि लोक म्हणतात, हात उशिरा गेला. हात वेळेवर गेला, पाय आधीच चुकले होते.

म्हणून जुने कीपर चिखलात टाचेने गोलच्या मध्यातून पुढे एक रेघ ओढून ठेवत. पोस्टकडे मान वळवून बघायला वेळ नसतो. पायाखालची रेघ पुरते.

चिवडा_मिक्स
दहावीच्या भूमितीत दुभाजकाचं प्रमेय कशासाठी होतं ते आज कळलं. बोर्डाने 'गोलकीपरसाठी' असं लिहायला हवं होतं.

खडूस_रेफरी
@ओली_लेस, गणित नीट आहे, पण पुढे यायला धाडस लागतं ते का कोणी सांगत नाही? पाच मीटर पुढे आलेल्या कीपरच्या डोक्यावरून चेंडू उचलला की संपलं. किंवा बाजूला पास. मग तुमचा चार मीटरचा पंखा कोणाच्या कामाचा?

ओली_लेस
रास्त प्रश्न. दोन गोष्टी. एक, चेंडू. सुरुवातीला तेरा ते पंधरा औंस, म्हणजे ३७० ते ४२५ ग्रॅम, चामड्याचा, आत ब्लॅडर, वर लेस. कोरडा असताना आजच्यासारखाच, पण पावसात चामडं पाणी पितं आणि अर्ध्या तासात तो दगड होतो. तसला चेंडू अलगद उचलून डोक्यावरून टाकणं महाकठीण.

दोन, ऑफसाइड. १९२५ पर्यंत चेंडूच्या पुढे असलेल्या खेळाडूला आपल्या आणि गोलरेषेच्या मध्ये तीन प्रतिस्पर्धी लागायचे. कीपर पुढे आला की गोलरेषेजवळ उरतात किती? एखादा फुलबॅक (सर्वात मागचा बचावपटू). म्हणजे पास घेणारा चेंडूच्या पुढे गेला की ऑफसाइड. फक्त चेंडूच्या मागून येणाऱ्यालाच पास देता येतो, आणि तो कीपरला आधीच दिसतो. पुढे येणं त्या काळात आजच्याइतकं महाग नव्हतं.

खडूस_रेफरी
मग मी म्हणतो तेच सिद्ध झालं. तोही सवलतीवरच उभा होता! १९२५ च्या उन्हाळ्यात तीनाचे दोन झाले आणि हा त्याच वर्षी निवृत्त. फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ ला ११९२ गोल झाले होते, पुढच्या मोसमात १७०३. त्या मोसमात त्याला बघायला आवडलं असतं.

कोपऱ्यातला_झेंडा
बेचाळीस वर्षांचा माणूस निवृत्त झाला तो नियमाला घाबरून नव्हे. पण मुद्दा चांगला आहे, नोंदवून ठेवतो. हिब्ज नव्या ऑफसाइडमध्येच घडला आणि त्याचीही कीर्ती हीच: मध्यम उंची, दिखाऊपणा नाही, जागा अचूक. पद्धत टिकली असं मी म्हणेन.

टेकडीवरून
चेंडू पकडण्याबद्दल कोणी लिहीत नाहीये, आणि खरा फरक तिथे आहे. तेव्हा चेंडू हातात असलेल्या कीपरला खांद्याने धक्का देणं पूर्ण कायदेशीर होतं. कीपरसकट चेंडू रेषेपार ढकलला तरी गोल. त्यामुळे चेंडू घेण्याची रीत पार वेगळी: बोटांच्या टोकांवर झेलायचा नाही, ओला असेल तर निसटतो आणि लेस बोटं सोलते. पोटाशी-छातीशी घ्यायचा, हनुवटी खाली, आणि घेता घेताच खांदा येणाऱ्या फॉरवर्डकडे वळवायचा. पाय जमिनीवर हवेत. हवेत आडवा झालेला कीपर धक्का खाऊच शकत नाही, तो चेंडूसकट जाळीत जातो.

हार्डी आडवा उडत नव्हता याचं निम्मं उत्तर इथे आहे. पाय जमिनीवर राखणं ही त्या काळची गरज होती. गर्दी असेल तर पकडायचाच नाही, दोन मुठी जोडून बाजूला ठोसायचा, मध्ये नाही. हातमोजे असलेच तर पावसात लोकरीचे, कारण ओल्या चामड्यावर लोकर जराशी धरते. एरवी मोकळे हात.

लेफ्टआउट
हे वाचून चांगला विकेटकीपर आठवला. दिवसभरात त्याचं नाव निघालं नाही म्हणजे त्याने काम चोख केलं.

निळी_मफलर
त्याला 'सेफ अँड स्टेडी सॅम' उगाच म्हणत नव्हते.

१९१३ च्या फायनलबद्दल लिहायलाच हवं. क्रिस्टल पॅलेस, १९ एप्रिल, १,२१,९१९ प्रेक्षक, समोर त्याच मोसमात लीग जिंकणारं सुंदरलँड. व्हिलाच्या चार्ली वॉलेसने पेनल्टी बाहेर मारली. दुसऱ्या हाफमध्ये हार्डी जखमी होऊन मैदानाबाहेर गेला. बदली खेळाडू ही भानगडच नव्हती, त्यामुळे सेंटर-हाफ जिमी हॅरप गोलमध्ये गेला आणि व्हिला दहा जणांवर. तेवढा वेळ कसाबसा निभावला, हार्डी परत आला, आणि टॉमी बार्बरच्या हेडरवर १-० ने जिंकले.

खडूस_रेफरी
म्हणजे हॅरपनेही गोल खाल्ला नाही. कीपर नसतानाही भिंत शाबूत. 😉

निळी_मफलर
दहाएक मिनिटांवरून निकाल लावणार असाल तर तुमचं आयडी सार्थ आहे.

मावळतीचा_वारा
त्याच सामन्यात हॅरी हॅम्प्टन आणि सुंदरलँडचा चार्ली थॉमसन एवढे भिडले की दोघांवर नंतर बंदी आली, आणि आवरलं नाही म्हणून रेफरीवरही.

१९२० ची फायनल स्टॅमफर्ड ब्रिजवर, हडर्सफील्डविरुद्ध, जादा वेळेत बिली कर्टनचा गोल, पुन्हा १-०. दोन फायनल आणि एकही गोल खाल्लेला नाही. मधे युद्धात तो नौदलात होता आणि फॉरेस्टकडून पाहुणा म्हणून खेळला. पुढे १९२१ मध्ये तिथेच गेला. चाळिशीच्या उंबरठ्यावर क्लब बदलून पहिल्याच मोसमात सेकंड डिव्हिजन जिंकणं ही कामगिरी लोक विसरतात.

चिवडा_मिक्स
फोकचं काय? समुद्रकिनाऱ्यावर 'पेनीत पेनल्टी' असा खेळ लावून उभा राहिला आणि सर्दी होऊन न्यूमोनियाने गेला ना?

अठरा_यार्ड
ती ऐकीव गोष्ट आहे, ब्लॅकपूलच्या नावावर खपते. तो १ मे १९१६ ला शेफील्डमध्ये गेला, यकृताच्या आजाराने. फोकला नुसता विनोद करून सोडू नका. शेफील्ड युनायटेडकडून १८९८ ची लीग, १८९९ आणि १९०२ चे एफए कप; डर्बीशायरकडून प्रथम श्रेणी क्रिकेटसुद्धा. पण १९०५ ला तो चेल्सीत गेला, एक मोसम, मग ब्रॅडफर्ड सिटी, आणि १९०७ ला संपलं. इंग्लंडकडून एकच सामना. पेनल्टीचा नियमही १९०५ चाच. वजन हे मुख्य कारण, मान्य, पण वजनाचा फायदा ज्या नियमात होता तो नियमही गेला होता. इथे धागाकर्त्याशी सहमत.

फोकला हलताना बघायचं असेल तर मिचेल अँड केन्यनच्या १९०२ च्या चित्रफितीत तो आहे, शेफील्ड युनायटेड विरुद्ध बरी.

टेकडीवरून
चेस्टरफील्डच्या पाण्यातच काही असावं. हार्डी तिथला, गॉर्डन बँक्सने लीगची सुरुवात तिथून केली, बॉब विल्सन आणि जॉन लुकिच जन्माने तिथले. त्या गावच्या चर्चचा कळस मात्र वाकडा आहे, म्हणजे उभं राहण्याचे धडे तिथून घेतलेले नाहीत.

लेफ्टआउट
हहपुवा.

एक प्रश्न राहिला. कॉर्नरला हे दुभाजक वगैरे लागू होतं का? तिथे तर कोन जवळजवळ शून्य.

ओली_लेस
नाही होत. कॉर्नरला फटका अडवायचा नसतो, उंच चेंडू गाठायचा असतो, म्हणून कीपर लांबच्या पोस्टकडे आणि रेषेपासून अर्धा-एक मीटर पुढे उभा राहतो. पुढे धावत येऊन चेंडू घेणं सोपं, मागे सरकत घेणं अवघड, तेवढंच कारण.

पण इथेही त्याच्या शेवटच्या मोसमात नियम हलला. १९२४ च्या उन्हाळ्यापर्यंत कॉर्नर कोणालाही न लागता थेट आत गेला तर गोल नव्हता, गोल किक मिळायची. त्यामुळे आत वळणारा कॉर्नर जवळच्या पोस्टकडे येत असेल तर कीपर हात मागे घेऊन तो जाऊ देऊ शकत होता. धोका फक्त मध्ये कोणाचं डोकं लागण्याचा. उलट उगाच बोट लावलं तर स्वतःच गोल करून बसायचा. १९२४-२५ पासून थेट कॉर्नर गोल धरला जाऊ लागला, आणि जवळच्या पोस्टपाशी एक फुलबॅक कायमचा उभा करणं भाग पडलं.

खडूस_रेफरी
हे पटलं. बेचाळिसाव्या वर्षी वीस वर्षांची सवय मोडून त्या चेंडूला हात लावायला शिकायचं, म्हणजे पद्धत बदलावी लागली नाही हे धागाकर्त्याचं वाक्य कॉर्नरपुरतं तरी खोडा.

कोपऱ्यातला_झेंडा
कॉर्नरपुरतं खोडलं. बाकीचं तसंच राहू दे.